बाबांची दाद

माझे बाबा सांगलीला घरीच गाण्याचे क्लास घेत. त्यांची पहिली शिष्या मी, आणि सगळ्यात जास्त बोलणी खाल्लेलीही मीच. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मला एकदाही ‘वा’ मिळाली नाही. मिळायचं ते ‘हं, पुढे’. लग्न होऊन दुबईला आले, गाणं सुटलं, तरी त्या एका ‘वा’ची आस काही सुटली नाही. चाळिशी उलटलेल्या बाईला हे शोभत नाही, कळतं मला.

गेल्या हिवाळ्यात बाबा आमच्याकडे, दुबईतल्या करामा भागात, आले होते, आणि तेव्हाच माझ्या मुलीच्या ऑर्केस्ट्राचा महोत्सव होता. अमेरिकेच्या अभिजात संगीताचा. ती व्हायोला वाजवते, म्हणजे व्हायोलिनची जरा थोराड बहीण.

“अमेरिकेला कसलं आलंय अभिजात?” बाबा म्हणाले. मलाही तेच वाटत होतं.

गाडीत मुलीनं बजावलं, “मम्मा, प्लीज टेल आजोबा. नो क्लॅपिंग, नो टॉकिंग. ओन्ली ॲट द एंड.”

“यल्ला, चला, आधी वेळेवर पोचू तर दे,” नवरा म्हणाला.

“म्हणजे मयताला बसतात तसं बसायचं,” बाबा म्हणाले.

पहिला धक्का बसला तो कार्यक्रम सुरू होताच. डोंगरातल्या शेतकऱ्यांच्या नाचाच्या चाली काय, मेक्सिकोहून आलेल्यांचे ठेके काय, तिथल्या मूळ रहिवाशांची बासरी काय! एका देशाच्या पोटात एवढे देश असतील असं मला कधी वाटलंच नव्हतं. बाबा डोळे मिटून बसले होते. झोपले असावेत, म्हटलं, बरंच झालं.

मग गुलामगिरीत राबलेल्या माणसांच्या भजनावर बांधलेली एक संथ रचना आली. तिच्यात थोडा वेळ माझी मुलगी एकटीच वाजवणार होती. घरी त्याच ओळी ऐकून आमचे कान किटले होते. बाकीची वाद्यं थांबली. तिनं एक खालचा सूर धरला, लांबवला आणि अलगद वर नेऊन सोडला.

“वा!”

बाबाच. क्लासात घोटलेला खणखणीत आवाज, अख्ख्या हॉलमध्ये घुमला. पुढची बाई दचकून वळली. नवऱ्यानं कपाळाला हात लावला. स्टेजवर मुलीचा गज जरा अडखळला, पण तिनं निभावून नेलं.

मी मात्र जागच्या जागी गोठले. शरमेनं नव्हे. मला पोटच्या पोरीचा हेवा वाटला, सरळ सांगते. जिच्यासाठी मी जन्मभर घसा फोडला ती ‘वा’ हिला मिळाली, आणि तीही असल्या परक्या सुरांवर!

कार्यक्रम संपल्यावर पार्किंगमध्ये मुलगी रडकुंडीला आली. “हू डज दॅट, आजोबा?” असं म्हणून ती बापाबरोबर तरातरा पुढे गेली. मागे मी आणि बाबा राहिलो. मी विचारूनच टाकलं, “बाबा, मला का हो कधी दिली नाहीत दाद?”

मला वाटलं, म्हणतील, तुझ्या भल्यासाठीच. ते चालता चालता थांबले.

“तुझं गाणं मी ऐकलंय कुठे?” ते म्हणाले. “तू सूर लावलास की माझं सगळं लक्ष चुकीवर. आता कुठे घसरेल, कुठे मात्रा खाईल. आज यातलं काही कळेचना. चुका काढता येईनात, मग नुसता ऐकत बसलो.”

आवडत नसेल, कमी पडत असेल, हे सगळं माझं मनाशी घोकून झालं होतं. ऐकलंच नसेल, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. बाबांनाही ते बहुधा आत्ताच उमगलं असावं, कारण त्यांचा चेहरा पार उतरला होता.

“घरी गेल्यावर गा काहीतरी,” ते हळूच म्हणाले. “मला येत नसेल असं.”

करामा येईपर्यंत मी मनातल्या मनात तसं गाणं शोधत राहिले. मला येत होतं ते सगळं त्यांनीच शिकवलेलं होतं.