"बसवणारा भरवशाचा हाय का?"

कुलूप विकणाऱ्याला लोक काय काय सांगत राहतात, विचारू नका! चोराचं भ्या सांगता सांगता घरातलंच सांगून बसतात. गंजगोलाईतल्या माझ्या हार्डवेअरच्या दुकानात असे किस्से लई साठले.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. जिल्हा आला, साहेब आले, पाऊस तेवढा आला न्हाई! लोक घरं बंद करून निघाले आणि माझी कुलपं खपू लागली. खरं सांगतो, गल्ला उघडताना लाज वाटायची.

प्रत्येकाचा सवाल एकच, "कुलूप चांगलं हाय हो, पण बसवणारा भरवशाचा हाय का?" मी समोर फुटपाथवर कुलूप-चाव्यांचं काम घेऊन बसणाऱ्या उस्मानचाचांकडं बोट दाखवायचो.

*

एका नव्या साहेबानं चाचांची टेस्टच घेतली. नऊ लिव्हरचं कुलूप पुढं ठेवलं. "उघडून दाखवा!"

चाचा तासभर झटले, घामाघूम झाले. "नहीं खुलता, साहेब."

साहेब खूश! तेच कुलूप घेऊन गेले. तसलंच दुसरं चाचांनी माझ्यासमोर मिनटात उघडलं.

"अहो चाचा, मग मघाशी?"

"खोलता तो साहेब रात को सोते क्या?"

*

एका मास्तरांनी अंगणातल्या हौदाला कुलूप घातलं आणि चावी हरवली. चाचांनी उघडून दिलं. आत वीतभर गाळ.

मास्तर घाईनं म्हणाले, "लावा परत, लावा!"

"अब क्या बचाना है?"

"गल्लीला वाटू द्या, मास्तराकडं पाणी हाय."

चाचांनी त्या दिवशी मजुरी घेतली न्हाई.

*

आणि आमचे आप्पा, शेजारचे किराणावाले. त्यांचा आड आटला, तसा नांदेडात नोकरीला असलेला मुलगा न्यायला आला. "तिथं गोदावरी हाय, नळाला पाणी हाय, चला." आप्पांचा पाय निघंना. शिव शिव म्हणत भिंतींवरून हात फिरवत होते. मला बघवंना.

चाचांनी दाराला कुलूप बसवलं. चाव्या दोन. एक आप्पांनी करगोट्याला बांधली. दुसरीसाठी मुलानं हात पुढं केला, तर आप्पांनी ती चाचांच्या हातावर ठेवली!

मुलगा लालबुंद. "आप्पा, कुलूपवाल्यालाच चावी?"

"त्याला चावी लागतीच कुठं? तरी इतक्या सालांत एकदा आत आला न्हाई. आन तू? दिवाळीला आलास, ते मला न इचारता गिऱ्हाईकाला घर दाखवून गेलास!"

मुलानं मान खाली घातली. 

चाचांनी चावी हळूच ओट्यावर ठेवली.

"आप्पा, इतना भरोसा नक्को करो. मेरे घर में बी एक बेटा हैच ना!"