शेवटी वैनगंगा

वहिनीचा फोन आला तेव्हा मी ब्रह्मपुरीला जीपमध्ये बसले होते आणि ड्रायव्हर अजून एक सवारी मिळते का म्हणून रस्त्याकडे बघत होता. "बाई, हे गेले," एवढंच ती म्हणाली. त्या वेळी मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहून टाकते, कुणी नावं ठेवली तरी चालेल. मला हायसं वाटलं. वर्षभर ऑक्सिजनच्या मशीनला बांधलेला माझा सुगतदादा एकदाचा सुटला होता. आणि दुसरं म्हणजे आदल्याच रविवारी मी त्याला ती गोष्ट सांगून टाकली होती. सांगितली नसती तर त्या जीपमध्ये माझं काय झालं असतं, कोण जाणे.

आमचं बालपण घुग्घुसच्या कोळसा खाणीच्या क्वार्टरमध्ये गेलं. सकाळी वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी कोणत्या रंगाचा मिळेल, याची आमच्याकडे कुणी हमी देत नसे. दादा कॉलेजात गेला आणि एका विलायती रॉक बँडच्या नादी लागला. चंद्रपूरच्या एका दुकानातून त्याने त्यांच्या गाण्यांची कॅसेट भरून आणली. वर पेनाने फक्त बँडचं नाव होतं, गाण्यांची नावं काही नव्हती. आमचं इंग्रजी पास होण्यापुरतं, त्यामुळे गाणारा काय ओरडतो ते दोघांनाही कळत नसे. मग आम्हीच बारसं केलं. जे गाणं भरलेली गाडी चढावर लागल्यासारखं घरघरत सुरू व्हायचं ते 'डंपर'. ज्यात गिटार किंचाळायची तो 'भोंगा'. नागभीडजवळच्या आजोळी बाया एका चालीत वाकून धान रोवायच्या, तशी चाल असलेली ती 'रोवणी'. आणि सगळ्यात शेवटचं, एकच गिटार, एकच थकलेला आवाज, उन्हाळ्यातल्या नदीसारखं संथ... ती 'वैनगंगा'. वैनगंगेच्या आधी 'खट्' असा एक आवाज यायचा. तो ढोलवाल्याच्या काठीचा, असं दादाचं ठाम मत. तो आवाज आला की दादाही बोटाने टेबलावर 'खट्' वाजवायचा. जेवायला बसला असेल तर ताटावर.

हा बँड आपल्याकडे आला तर कार्यक्रम कसा करायचा, यावर आम्ही दोघांनी जन्म घालवला म्हटलं तरी चालेल. जागा ठरलेली होती, नागभीडचं रेल्वेचं मैदान. जंक्शन आहे, चहूकडून लोकांना गाडी मिळते, हा दादाचा मुद्दा. भांडण असायचं ते गाण्यांच्या क्रमाचं. माझं म्हणणं, डंपर शेवटी हवा, लोक नाचत नाचत गेले पाहिजेत. दादा म्हणायचा, डंपर पहिला, म्हणजे चहाच्या टपरीवर उभे असलेले धावत आत येतील. भोंगा तिसरा की चौथा यावरून तर एका दिवाळीत आम्ही फराळ समोर ठेवून अबोला धरला होता. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं, बहीण-भाऊ शेतीच्या वाटणीवर भांडतात. खरं कळल्यावर तिने कपाळाला हात लावला. ही माणसं गातात की भांडतात हेच मले समजत नाई, असं ती पुढे कायम म्हणत राहिली. क्रम दर रविवारी बदलायचा. दादा खाणीत इलेक्ट्रिशियन झाला, मी ब्रह्मपुरीच्या शाळेत लागले, भांडण फोनवर चालू राहिलं. त्या बँडमधला एक जण कधीच वारला, उरलेले एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, हेही यथावकाश कळलं. आम्ही कार्यक्रम रद्द केला नाही. बदललं नाही ते एकच, शेवटी वैनगंगा. मी कितीही हट्ट केला तरी तो म्हणायचा, "लोकायले घरी जाताना सोबत पायजे नं, सुजा. धांगडधिंगा सोबत येत नाई."

मग त्याची छाती बिघडली. कॅसेटही त्याच्याबरोबरच म्हातारी झालेली, वैनगंगेचा शेवट तर टेपने कधीच खाऊन टाकला होता. तेवढं एक गाणं मोबाइलवर पूर्ण, स्वच्छ शोधून दे, असं त्याने मला सांगितलं. आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही त्याची एकच गोष्ट. मी त्या बँडची सगळी गाणी धुंडाळली. डंपर सापडला, भोंगा, रोवणी सापडली, आपापल्या खऱ्या नावांनी. वैनगंगा नव्हती. शेवटी शाळेतल्या एका मॅडमने मोबाइलला गाणं ऐकवलं की तो नाव सांगतो, ती युक्ती दाखवली. पुढच्या रविवारी दादाचा डोळा लागल्यावर मी कॅसेट हळूच लावली, मोबाइलने नाव सांगितलं आणि मी गार पडले. ते गाणं त्या बँडचं नव्हतंच. भलत्याच देशातल्या, भलत्याच माणसाचं. दुकानदाराची टेप उरली असेल, हाताला लागलं ते त्याने भरून दिलं. आणि ते 'खट्' म्हणजे त्याने दाबलेलं बटण.

आता हे दादाला कसं सांगायचं? ज्याचा सगळा कार्यक्रम त्या गाण्यावर उभा, त्याच्या उशाशी बसून ते गाणंच काढून घ्यायचं? तो दर रविवारी विचारी, "भेटलं का?" आणि मी म्हणे, शोधून राह्यली. गाणं माझ्या पर्समधल्या मोबाइलमध्ये असायचं. ऐकवलं तर तो लगेच नाव विचारणार, खोटं नाव मला जमणार नाही, आणि न ऐकताच गेला तर... या विचाराने झोप लागेना. त्या शेवटच्या रविवारी मी नागभीड, चंद्रपूर करत घुग्घुसला पोचले आणि चपला काढल्या काढल्या सगळं सांगून मोकळी झाले. तो उशीला टेकून ऐकत होता. मशीन घुरघुरत होती.

"मंग ते खट्?" त्याने विचारलं.

"दुकानदाराचं बटन, दादा."

मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतो, पण तो हसत होता. इतका हसला की ठसका लागला आणि वहिनी लाटणं हातात घेऊनच धावत आली. "म्हनजे सारी जिंदगी आपून त्या दुकानदाराले साथ देऊन राह्यलो," तो दम खात म्हणाला. मी घाबरत विचारलं, मग आता शेवटी काय ठेवायचं? तर म्हणे, "वैनगंगाच. आपल्या झाडीपट्टीच्या नाटकात मुंबईचा पावना कलाकार येते का नाई? तसा हा पावना. मानाचा. शेवटी त्यालेच बसवाचं."

मग मी मोबाइल त्याच्या कानाशी धरला. टेपने खाल्लेला शेवट त्याने डोळे मिटून ऐकला. "झालं," तो म्हणाला, "आता बदलाचं नाई." भोंगा तिसरा, हेही मी त्या दिवशी कबूल केलं.

जलदान विधी झाला, बुद्धवंदना झाली, माणसं पांगली. मशीन परत गेली होती आणि त्या खोलीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. टेबलावर टेपरेकॉर्डर तसाच होता. वहिनी आत कप विसळत होती. तिला त्रास नको म्हणून मी अगदी हळू आवाजात मोबाइलवर वैनगंगा लावली. गिटार सुरू झाली आणि आतला नळ बंद झाला. पदराला हात पुसत वहिनी दारात आली. आता ही बंद करायला सांगणार, असं मला वाटलं.

"बाई," ती म्हणाली, "खट् राह्यलं नं."

मी गाणं थांबवलं. वहिनी टेबलाजवळ आली, बोट दुमडून तिने टेबलावर 'खट्' केलं, आणि मग मी गाणं पहिल्यापासून लावलं.