स्विचवरचं माझं बोट

गाडी नवरा चालवत असला तरी ब्रेक मी दाबते. माझ्या पायाखालची मॅट झिजून गेली आहे आणि घरात त्यावरून माझी भरपूर चेष्टा होते. नांदेडच्या कॉलेजात मी इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवते. तिथे मात्र माझी चेष्टा करायची कुणाची छाती नव्हती, आणि तेच एका पोरीच्या मुळावर येणार होतं.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला तिनं अवघड काम अंगावर घेतलं होतं. आमच्याकडे तीन हात लांबीचं, बिनमाणसाचं हेलिकॉप्टर आहे. त्यानं कुणी न चालवता, वाऱ्यात, एका जागी पाच मिनिटं थांबून दाखवायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण हवेत उभं राहणं म्हणजे ताटात गोटी ठेवून ते ताट तळहातावर तोलून धरणं. गोटी कुठल्या ना कुठल्या बाजूला निघालेलीच असते. आतला छोटा कॉम्प्युटर सेकंदाला शेकडो वेळा आपण किती कललो, किती सरकलो ते बघतो आणि पात्यांचा कोन बदलत राहतो. तो प्रोग्राम या पोरीनं लिहिला होता. ती देगलूरकडची. घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि माझ्यासमोर फक्त "हाव मॅडम".

रिमोट माझ्या हातात असायचा. त्यावर एक स्विच होता. खाली केला की हेलिकॉप्टर स्वतःच्या डोक्यानं चालणार, वर केला की माझ्या हातानं. काही बिघडलं तर मी ताबा घ्यायचा, असा नियम होता. दोन वर्षांपूर्वी आधीच्या एका बॅचचं हेलिकॉप्टर माझ्या डोळ्यांदेखत पडलं होतं आणि पात्यांचे तुकडे आम्ही पिशवीत गोळा करून आणले होते. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी तर ताकाचं भांडंच उचलून ठेवायला लागले होते.

अहमदपूरच्या रस्त्याला एका मावशींचं शेत होतं. हरभरा निघाला की रान मोकळं व्हायचं आणि सकाळी आम्ही तिथे जायचो. मधोमध चुन्याचं वर्तुळ आखायचो. हेलिकॉप्टर तीन मजल्यांएवढं वर जायचं, वर्तुळावर थांबायचं, मग वाऱ्याची झुळूक आली की कलायचं आणि माझं बोट स्विच वर करायचं. "नाही जमलं," मी म्हणायचे. "हाव मॅडम," ती म्हणायची. मग बांधावर लिंबाखाली मावशींनी केलेला चहा पिऊन आम्ही परत यायचो.

एका दुपारी तिनं माझ्या टेबलावर काही कागद आणून ठेवले. प्रत्येक कागदावर दोन रेघा. वरची हेलिकॉप्टर किती कललं ती, खालची स्विचची. दरवेळी वरची रेघ चढत होती, चढून नुकतीच परत खाली वळायला लागत होती, आणि तेवढ्यात खालच्या रेघेनं उडी मारलेली होती. मला राग आला.

"मी घेतलं नसतं तर पडलं असतं," मी म्हणाले.

"हाव मॅडम."

"परीक्षेला हातानंच उडवून दाखवू. प्रोग्रामचं रिपोर्टात एका पानात लिही."

सहा महिन्यांचं काम मी एका पानात बसवलं. तिनं कागद गोळा केले, कडा जुळवल्या आणि गेली. मी तिचे मार्क वाचवले असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मी हेलिकॉप्टर वाचवलं होतं.

परीक्षेच्या चार दिवस आधी ती म्हणाली, "मॅडम, येकदाच अजून." तिनं कधी काही मागितलं नव्हतं म्हणून मी हो म्हटलं.

त्या सकाळी वारा जास्तच होता. हेलिकॉप्टर वर गेलं, मी स्विच खाली केला, आणि समोरून ढेकळं तुडवत मावशी आल्या. हातात स्टीलचा ग्लास, काठोकाठ भरलेला.

"च्या घ्या मॅडम."

"मावशी, नंतर."

"आमच्याच म्हशीचं दूध हाय. नको म्हनू नये. धरा की, बोटं पोळून राहिलीत माझी."

खरंच पोळत होती. मी वळले तर पोरीनं रिमोटखाली दोन्ही हात आधीच धरले होते. मी रिमोट तिच्या हातात दिला. कॉम्प्युटरवर तिनं उडवायचा महिनोन्महिने सराव केलेला होता, तिचं बोट बरोबर स्विचवर गेलं. मी ओढणीत तो ग्लास दोन्ही हातांनी धरला आणि वाऱ्याचा झोत आला. हेलिकॉप्टर कललं.

"घे, घे ते," मी ओरडले. चहा मनगटावर सांडला.

तिनं स्विच हलवला नाही. "थांबा मॅडम. येऊन राहिलंय."

विद्यार्थ्यानं मला थांबा म्हणायची ती पहिलीच वेळ. माझा एकही हात मोकळा नव्हता, म्हणून मी नुसतं बघत राहिले. कलल्यानंतर काय होतं ते मी कधी बघितलंच नव्हतं. ते कललं, थबकलं, मग वाऱ्याकडे झुकलं आणि हळूहळू सरकत चुन्याच्या वर्तुळावर येऊन उभं राहिलं. पुढच्या झोतालाही तसंच. "वाऱ्याला खांदा दिलाय बघा त्यानं," मावशी म्हणाल्या. पाच मिनिटं झाली तेव्हा मला रडू येत होतं आणि डोळे पुसायलाही हात नव्हता.

ते खाली उतरल्यावर मी मावशींना विचारलं, आज चहा आधीच कसा?

मावशींनी पदर सावरला. "पोरगीच म्हनली, बिनकानाचा गिलास द्या अन् लई भरा."

पोरगी जमिनीकडे बघत होती. मला चिडायचं होतं, पण चिडायला तोंड कुठे होतं. तिला म्हटलं, एक पान नको, पूर्ण प्रकरण लिही, आणि ते दोन रेघांचे सगळे कागद लाव.

परीक्षेला बाहेरचे दोन सर शेतात आले. नियमाप्रमाणे तिनं रिमोट माझ्यापुढे धरला. मी तो तिच्याच हातात ठेवला आणि बांधाकडे बघून मावशींना सांगितलं, चहा आणा, काठोकाठ. हेलिकॉप्टर वर गेलं, तिनं स्विच खाली केला. वारा होताच, आणि भरलेला ग्लास माझ्या दोन्ही हातांत. माझा उजवा पाय ढेकळात ब्रेक दाबत होता, तो तिनं बघितला.

"फुंकून प्या मॅडम," ती म्हणाली, "घाई न्हाई."