कानामागचं हाड

शिवणाच्या कारखान्यात शिरले की काका रोज पहिल्या मशीनपासून शेवटच्या मशीनपर्यंत एक फेरी मारत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या मशीनला, लाकडी मूठ उजव्या कानामागच्या हाडाला, डोळे मिटलेले. मग म्हणत, "हिचं बेअरिंग गेलंय." मशीन खोलली की तसंच निघे.

घरी मात्र उजव्या बाजूने बोललेलं त्यांच्यापर्यंत पोचत नसे. काकू म्हणायची, "यांना मशीनचं बरं ऐकू येतं."

"माझा कान उत्तम आहे. तूच पुटपुटतेस."

कान वाहायला लागला तेव्हा काकूने त्यांना दवाखान्यात नेलं, मीही गेले. डॉक्टरबाईंनी लोखंडी चिमटा झंकारून त्यांच्या उजव्या कानासमोर धरला. काकांना काहीच ऐकू आलं नाही. त्याच चिमट्याचा दांडा कानामागे टेकवला, तर काका चमकले. "हे स्पष्ट येतंय."

"कानाच्या पडद्याला भोक आहे. हाडातून आवाज थेट आत जातो, म्हणून तुम्हाला पत्ता लागला नाही."

काकूने माझ्याकडे बघून फक्त भुवया उंचावल्या.

"ऑपरेशनला कानामागे कापणार?" काकांचा हात तिथेच गेला होता. "माझा सगळा धंदा त्या हाडावर चालतो."

"नाही. कानाच्या भोकातूनच दुर्बीण घालायची. कानाच्या पुढच्या मऊ हाडाचा, कूर्चेचा, छोटा तुकडा काढून त्याचं ठिगळ लावायचं. बहुतेकांचं भोक बुजतं, सगळ्यांचं नाही."

पेनातल्या कांडीएवढी ती दुर्बिणीची नळी काकांनी निरखून पाहिली. "वळणापलीकडचं दिसतं?"

"टोकाचं भिंग तिरकं आहे, दिसतं."

"धुता कशी?"

बाहेर रांग खोळंबली होती. शेवटी बाईंनी नळी त्यांच्या कानात धरून समोरच्या स्क्रीनवर दाखवलंच. भोकाची कड आणि आत इवलीशी हाडं. "हातोडी, ऐरण, रिकीब. अशी नावंच आहेत त्यांची."

"यांना तेल कोण घालतं?"

"लागत नाही."

"मग चांगल्या कारागिराचं काम आहे," काका म्हणाले आणि ऑपरेशनच्या कागदावर सही करून मोकळे झाले.

ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी मी डबा द्यायला कारखान्यात गेले, तेव्हा ते दारातच उभे होते. स्क्रूड्रायव्हर खिशात. डावा कान तळव्याने घट्ट झाकलेला, उजवा मशिनींकडे. किती तरी वेळ तसेच उभे होते.

मग हात खाली आला.

"तिसरीला तेल घाला," ते म्हणाले.