उलटं मैदान

कानाच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात बाई बावीस वर्षं कान तपासत होत्या. त्यांच्या खोलीत एक कोठडी होती. जाड दाराची, आतून फोम लावलेली, एका माणसापुरती. पेशंटला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि दार लावून घ्यायचं. मग बाई बाहेर मशीनपाशी बसून बारीक बारीक आवाज सोडायच्या. आवाज ऐकू आला की पेशंटने बटण दाबायचं, म्हणजे बाईंसमोरचा हिरवा दिवा लागायचा. मधे काच होती, पण बोलायचं ते माईकवरूनच. कोठडीतल्या शांततेला नवा माणूस बिचकायचा. तोंडातून निघालेला शब्द तिथल्या तिथे मेल्यासारखा वाटायचा. बाई धीर द्यायच्या, "घाबरू नका, आत तुमच्याशिवाय कोणी नाही." त्यावर काही जण जास्तच घाबरायचे.

बाई चोपन्न वर्षांच्या. लग्न केलं नव्हतं, मोठ्या भावाबरोबर राहायच्या. दादा छापखान्यातून निवृत्त झालेला, वहिनी जाऊन सहा वर्षं झालेली. स्वभावाने बाई कुणाच्या अध्यात ना मध्यात. दवाखान्यात त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता.

एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन एक पेशंट आली. उंच, अंगाने भरलेली, डाव्या भुवईच्या मधोमध केस नसलेली एक रेघ. बाईंनी ती रेघ बघितली आणि पेशंटला ओळखलं. चाळीस वर्षांत त्या रेघेत काही फरक नव्हता.

शाळेत तिला सगळे कप्तान म्हणायचे. मुलींच्या संघाची कप्तान, आणि एरवी सगळ्या वर्गाची. बाई तेव्हा चणीने एवढ्याशा, म्हणून कप्तानने त्यांचं नाव मुंगी ठेवलं. मुंगीचा डबा खिडकीबाहेर जायचा, मुंगीच्या वेणीला शाई लागायची. चौदाव्या वर्षी एकदा मधल्या सुट्टीत कप्तानने तिला खेळाच्या सामानाच्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. दोन तास मुंगी आतच होती. दार तीनदा वाजवायचं, थांबून कानोसा घ्यायचा, पुन्हा तीनदा वाजवायचं. शेवटी शिपाई आला.

आज कप्तानने बाईंना ओळखलेलं दिसलं नाही. खुर्चीत बसल्यावर ती म्हणाली, "दार लावू नका हं. मला बंद जागा सोसत नाही."

"लावावंच लागतं. नाहीतर तपासणी होत नाही."

"थोडं उघडं ठेवा ना. प्लीज."

दुसरा कुणी असता तर बाईंनी दार किलकिलं ठेवून जमेल तेवढं केलं असतं. तसं त्यांनी कित्येकदा केलं होतं. पण त्या म्हणाल्या, "दोनच मिनिटं," आणि दार घट्ट ओढून घेतलं. दार लावताना बरं वाटलं, हे त्यांनी पुढे स्वतःशी कबूल केलं.

माईक उघडून त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "ऐकू येतंय का?"

काचेपलीकडे कप्तानने झटकन मान वर केली. मग सावकाश होकार दिला.

बाईंनी पहिला आवाज सोडायला बोट नेलं, तर हिरवा दिवा आधीच लागला. तीनदा लागला, थांबला, पुन्हा तीनदा लागला. बाईंनी बोट बटणावरून उचललं, दोन्ही हात मांडीवर ठेवले. दिवा लागतच राहिला. तीनदा, मग जरा वेळ काही नाही, मग पुन्हा तीनदा.

"मी अजून आवाज दिलेला नाही," बाई माईकवर म्हणाल्या.

"दार कोण वाजवतंय मग?" कप्तानने विचारलं.

बाईंनी उठून दार उघडलं. कप्तान घामाने भिजली होती. तिला पाणी दिलं. कानात असे आवाज येणं नवीन नाही, कुणाला शिट्टी ऐकू येते, कुणाला भुंगा, असं बाईंनी सांगून पाहिलं.

"माझा लहानपणापासून आहे," कप्तान म्हणाली. "शाळेत एका मुलीने मला सामानाच्या खोलीत कोंडलं होतं. मुंगी म्हणायचो आम्ही तिला."

बाईंनी रिकामा पेला तिच्या हातातून परत घेतला.

"खिडकीच्या पत्र्याला खिळ्याएवढं भोक होतं," ती सांगत होती. "त्यातून उजेड आत यायचा आणि समोरच्या भिंतीवर मैदान दिसायचं. उलटं. मुलं डोक्यावर चालायची. मला वाटलं, मी मेले, आणि मेल्यावर असंच दिसतं."

बाईंना हेच वाटलं होतं, अगदी हेच. उजेड असा का उलटतो ते नंतर त्या वर्गात शिकल्या, पण त्या भिंतीबद्दल त्यांनी जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. दादालाही नाही.

उरलेली तपासणी त्यांनी दार उघडं ठेवून उरकली आणि आठ दिवसांनी कानाचं यंत्र बसवायला या, म्हणून सांगितलं.

संध्याकाळी दादा शेंगा सोलत बसला होता. बाईंनी पिशवी खाली न ठेवताच विचारलं, "दादा, मला शाळेत कोंडलं होतं, आठवतं?"

"तुला? ते नाही आठवत बुवा. तू कप्तानला कोंडलं होतंस, ते आठवतं."

"काहीतरीच काय!"

दादाने शेंग बाजूला ठेवली. "अगं, तू शाळेतून आलीस, हातपाय धुतलेस, गणितं करत बसलीस. सातच्या सुमाराला तिची आई विचारायला आली. तू मान हलवलीस, नाही बघितलं म्हणून. ती गेल्यावर अर्ध्या तासाने मला हळूच म्हणालीस, सामानाच्या खोलीत बघा. मी आणि बाबा बॅटरी घेऊन धावलो. दुपारपासून आत होती पोरगी. रडत नव्हती. दोन्ही कानांत बोटं घालून बसली होती, काढता काढेना. महिन्याभरात तिच्या घरच्यांनी तिचं नाव शाळेतून काढलं."

"मला कुणी काही बोललं नाही?"

"बाबा म्हणाले, विषय पुन्हा काढायचा नाही."

बाईंनी आठवायचा खूप प्रयत्न केला. आपण कोंडले गेलो ती दुपार लख्ख आठवत होती. त्यानंतरचे दिवस मात्र नव्हतेच.

पुढल्या मंगळवारी कप्तान आली. बाईंनी तिला कोठडीत नेलं नाही, टेबलापाशीच बसवलं. यंत्र कानामागे अडकवलं, आवाज जुळवला. मग म्हणाल्या, "मुंगी म्हणजे मी."

"माहीत आहे मला," कप्तान म्हणाली. "परवा तू माईकवर विचारलंस ना, ऐकू येतंय का, तेव्हाच कळलं. तेव्हाही दाराबाहेरून हेच विचारलं होतंस. मी आतून हो म्हटलं, आणि तू निघून गेलीस."

"मग ओळख का नाही दाखवलीस?"

"मुद्दामच. ओळख न दाखवता सगळं सांगितलं. बघत होते तुझ्या चेहऱ्यावर काही हलतं का. मैदानाचं सांगितल्यावर दचकलीस. पण मुंगीने कोंडलं म्हटलं, तेव्हा काही हललं नाही. खरं सांगू? कोठडीपेक्षा मला त्याची भीती वाटली."

 बाई म्हणाल्या, "चुकलं माझं. पण तूही मला कोंडलं होतंस. त्याच खोलीत, त्याच्याआधी."

"मी?" कप्तान हसली, मग हसायची थांबली. "नाही गं. मी कशाला कोंडेन तुला?"

ती खोटं बोलत नव्हती. तिच्या तोंडाकडे बघून बाईंना कळलं, आठ दिवसांपूर्वी दादासमोर आपलंही तोंड असंच दिसलं असणार. त्यांनी वाद घातला नाही.

"यंत्राने ती टकटक कमी वाटते का?" त्यांनी विचारलं.

कप्तानने डोळे मिटून ऐकलं. "नाही. आता स्वच्छ ऐकू येते. वाजवणाऱ्याचा हात लहान आहे."

मग तिने पर्स उचलली, सहा महिन्यांनी दाखवायला यायचं ना, एवढं विचारलं आणि गेली.

त्या दिवशी बाई लवकर घरी आल्या. दादाने भाकरी करून ठेवली होती. दोघं जेवायला बसली. निम्मं जेवण झाल्यावर बाई म्हणाल्या, "दादा, मी अजून काय काय केलं होतं रे?"

 दादाने तिच्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली.

"जेव आधी," तो म्हणाला. "गार होतंय."