दोन नंबरचं मशीन

माझ्यामुळे आमच्या होणाऱ्या विहीणबाईंचं बँकेचं कार्ड बंद पडलं. लग्नाला तेव्हा सव्वा महिना बाकी होता.

अमरावतीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. या नोकरीनं मला पेन्शन दिली आणि एक खोड दिली. कुठलंही यंत्र दिसलं, की ते कसं चालतं हे मला जाणून घ्यावंसं वाटतं. आणि कोणी सांगायच्या आत मीच ते सगळ्यांना समजावून सांगायला लागतो. (घरचा मिक्सर मी असा दोनदा समजावून सांगितला. आता तो बायको मला दिसणार नाही अशा जागी ठेवते.)

आमच्या पल्लवीचं लग्न धारणीच्या मुलाशी ठरलं. मुलाची आई म्हणजे इंदूताई. सरकारी दवाखान्यात मेट्रन होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. त्यांच्या हाताखाली मेळघाटात चार-पाच हजार बाळंतपणं झाली असतील, त्यामुळे त्यांना सहसा कशाचीच घाई होत नसे आणि कशाची भीतीही वाटत नसे. मला मात्र त्यांची वाटायची. त्या माणसाकडे आधी एक मिनिट नुसतं पाहायच्या, ताप किती आहे ते बघितल्यासारखं, आणि मग बोलायच्या.

लग्नाचा बस्ता अकोल्यात बांधायचं ठरलं. "अमरावती तुमची, धारणी त्यांची. मंग अकोलाच बरं, कोनाचा वरचढपना नको," असं माझी बायको सुनंदा म्हणाली. तिचं माहेर अकोल्याचं आहे, हा योगायोग. इंदूताई सकाळच्या एसटीनं अकोटमार्गे एकट्याच आल्या. परतीची गाडी तीनची होती. ती चुकली तर रात्र अकोल्यात काढावी लागली असती. म्हणजे माझ्या सासुरवाडीत, माझ्यासोबत.

दुकान मोठं होतं. तीन मजले, गाद्या, गाद्यांवर साड्यांचे ढीग, ढिगांमागे अदृश्य होणारे सेल्समन. साडेदहाला सुरू झालेली खरेदी दीडला आटोपली आणि आम्ही खाली गल्ल्यावर आलो. वराकडची खरेदी इंदूताईंची, वधूकडची आमची. गल्ल्यावर मधुभाऊ म्हणून एक जाडजूड, शांत गृहस्थ बसले होते. त्यांच्यापुढे पैसे भरायची दोन नवी कोरी मशीनं होती. एकाला चिकटपट्टीवर पेनानं '१' लिहिलेलं, दुसऱ्याला '२'. आमचं बिल एक नंबरवर लागलं, इंदूताईंचं दोन नंबरवर.

आणि तेवढ्यात मला ती पाटी दिसली. 'मशीनची बटणं दाबू नका. चौकोन स्कॅन करा. आपलाच मोबाईल वापरा.'

"मधुभाऊ, हे काय?" मी विचारलं.

"काही नाही सर. गर्दीच्या दिवसात लोकं हळद-कुंकू लागलेल्या हातानं बटनं दाबतात, चिकट होते सारं. म्हनून कंपनीनं हे नवं देलं. चौकोनाचा फोटो घेतला का मशीनची बटनं तुमच्या मोबाईलवर येतात. कार्ड मशीनमंदी टाका, आकडे मोबाईलवर दाबा. मशीनले हात लावाचं कामच नाही."

माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. म्हणजे माझा मोबाईल दूरवरून त्या मशीनची बटणं होणार. मध्ये तार नाही, काही नाही.

"तुमी आपलं बोटानंच दाबा," सुनंदा म्हणाली. तिनं सदतीस वर्षं मला पाहिलं आहे.

"अगं, पाहू तर दे."

आता एक नंबरच्या मशीनवरचा चौकोन झाला होता पुसट. कोणीतरी त्यावर पिन लावलेल्या पावत्या घासल्या होत्या. मी मोबाईल पुढे-मागे केला, तिरपा केला, चष्मा वर केला, काही होईना. शेजारच्या मशीनवरचा चौकोन मात्र चकचकीत. मी विचार केला, आणि हा विचार करताना मी शुद्धीवर होतो, की दुकान एक, कंपनी एक, पाटी एक; तर चौकोनही एकच असणार. मी जरासा वाकलो आणि दोन नंबरच्या चौकोनाचा फोटो घेतला.

टिंग. मोबाईलवर एक ते नऊ आकडे आले, खाली शून्य, हिरवं बटण, लाल बटण.

"पाहा," मी सुनंदाला मोबाईल दाखवला. तिनं पाहिलं नाही. ती पिशव्या मोजत होती.

मी माझं कार्ड एक नंबरमध्ये घातलं. इंदूताईंनी त्यांचं कार्ड दोन नंबरमध्ये घातलं आणि चष्मा काढायला पर्स उघडली. दोन्ही मशीनं म्हणाली, पिन टाका. मी माझ्या मोबाईलवर माझे चार आकडे टाकले आणि हिरवं बटण दाबलं.

दोन नंबरचं मशीन ओरडलं. पडद्यावर आलं, 'पिन चुकीचा.'

"अवं माय," इंदूताई म्हणाल्या, "मी तं बोटबी नाही लावलं."

"हळू दाबा ताई," मधुभाऊ नोटांच्या गठ्ठ्यातून मान वर न करता म्हणाले.

"दाबलंच नाही तं हळू काय दाबू?"

माझ्या मोबाईलवरही 'पिन चुकीचा' असंच आलं होतं. मला वाटलं, माझं बोट घसरलं. पण त्याआधी शेजारी एक बाई अडचणीत होत्या, आणि त्या आमच्या विहीणबाई होत्या, आणि प्रश्न यंत्राचा होता. मी गप्प राहणं शक्यच नव्हतं.

"ताई, हे स्थिर विद्युत आहे," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे एक मिनिट नुसतं पाहिलं. "काय हाय?"

"स्थिर विद्युत. तुम्ही सकाळपासून रेशमी साड्या हाताळल्या. घर्षणानं अंगावर विद्युतभार साचतो. तुम्ही नुसत्या जवळ आलात तरी मशीनला वाटतं बटण दाबलं. त्या जिन्याच्या लोखंडी कठड्याला हात लावा, भार निघून जाईल."

"कठड्याले?"

"दोन्ही हात लावा."

ज्या बाईंनी चार-पाच हजार बाळंतपणं केली, त्या माझ्या सांगण्यावरून जिन्यापाशी गेल्या आणि कठडा धरून उभ्या राहिल्या. सोयरिकीचा मान म्हणून असेल. वरून उतरणारं एक कुटुंब त्यांना वळसा घालून गेलं. सुनंदा माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होती, ती मी मुद्दाम पाहिली नाही.

त्या तिकडे भार सोडत होत्या तेवढ्यात मी इकडे पुन्हा माझा पिन टाकला. या वेळी सावकाश, एकेक आकडा मनात म्हणत.

दोन नंबरचं मशीन पुन्हा ओरडलं.

"आता तं मी तिथं नव्हतीच," इंदूताई कठड्यावरून म्हणाल्या.

मधुभाऊंनी गठ्ठा खाली ठेवला. त्यांनी मशीन उचललं, हलवलं, फुंकर मारली आणि परत ठेवलं. "ताई, एकच चान्स राहिला. तिसऱ्यांदा चुकलं का कार्ड बंद होते. तुमी स्वतः, शांततेनं, बोटानं दाबा."

इंदूताई आल्या. चष्मा लावला. पदर खोचला. इंजेक्शन देताना घेत असतील तसा एक श्वास घेतला आणि पहिला आकडा दाबला. मी शेजारी उभा होतो. त्यांना धीर यावा, आपल्या बाजूनं सगळं सुरळीत चाललं आहे असं दिसावं, म्हणून मीही माझ्या मोबाईलवर आकडे टाकायला सुरुवात केली. मी वेगानं टाकतो. त्यांचा एक आणि माझे तीन मिळून मशीनचे चार झाले. माझा चौथा फुकट गेला आणि पुढचं माझं बोट हिरव्यावर पडलं.

मशीन या वेळी ओरडलं नाही. एक लांब, मंद शिटी वाजली. 'कार्ड बंद.'

पावणेदोन वाजले होते. इंदूताईंजवळ दुसरं कार्ड नव्हतं. मुलगा धारणीला, त्याचा फोन लागेना. मेळघाटात तो लागला तर बातमी होते. नवरदेवाच्या आईला नवरीच्या आईबापांसमोर घेतलेल्या साड्या परत करायची वेळ आली होती. त्या नुसतं कार्ड हातात घेऊन उलटसुलट करून पाहत राहिल्या. एवढ्या खमक्या बाईचा चेहरा असा उतरलेला पाहून मला खरोखर वाईट वाटलं. मी म्हणालो, "ताई, तुमची बँकच खराब असेल."

"तुमचं झालं का?" सुनंदानं मला विचारलं.

"नाही ना. माझंही चुकीचं दाखवून राहिलं."

इंदूताईंनी मान वर केली. "तुमचंबी? किती वेळा?"

"तीनदा."

"दाखवा बरं मोबाईल."

मी दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग माझ्यापुढच्या मशीनकडे पाहिलं. त्यावर अजूनही 'पिन टाका' लिहिलेलं होतं. त्या बिचाऱ्याला कोणी काही विचारलंच नव्हतं. मग त्यांनी स्वतःच्या मशीनवरच्या चिकटपट्टीकडे पाहिलं.

"भाऊ," त्या अगदी हळू म्हणाल्या, "तुमच्या मोबाईलवर दोन नंबर काहून लिवला हाय?"

मोबाईलच्या वरच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, 'मशीन क्र. २ शी जोडलेले' असं होतं. ते सुरुवातीपासून होतं. मी वाचलं नव्हतं. मी आकडे पाहत होतो.

मधुभाऊंनी कपाळावर हात ठेवला. "सर, चौकोन दर मशीनचा येगळा असते ना. तुमी तिकडचा मारला का?"

"तो जास्त स्पष्ट होता," मी म्हणालो.

यापुढे काय होणार याची मला कल्पना होती. लग्न मोडत नाही अशानं, पण पुढची तीस वर्षं प्रत्येक कार्यात हे सांगितलं जातं. मी तोंड उघडून माफी मागणार, तोच इंदूताईंचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात की काय. त्या हसत होत्या. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

"आन् मले कठड्याले धरून उभं केलं," त्या सुनंदाला म्हणाल्या. "मी म्हटलं, प्रोफेसर मानूस हाय, काई तरी असंन."

"मीबी असंच म्हनत आली ताई, सदतीस वर्षं," सुनंदा म्हणाली. दोघी एकदम जवळच्या मैत्रिणी झाल्या. माझ्या मूर्खपणाचा इतका चांगला उपयोग आधी कधी झाला नव्हता.

डोळे पुसून इंदूताईंनी विचारलं, "पन टाकलं काय होतं तुमी? माझ्या पिनच्या आसपास तरी होतं का?"

इतक्या वेळानं मला उत्तर येत असलेला प्रश्न कोणीतरी विचारला होता. मी खणखणीत आवाजात, वर्गात सांगतात तसं सांगितलं, "तीन, शून्य, सात, एक."

मधुभाऊंनी ऐकलं. गाद्यांवरच्या सेल्समननी ऐकलं. पण सगळ्यात नीट ऐकलं ते सुनंदानं.

"तीस एकाहत्तर?" ती म्हणाली. "हा तं तुमच्या जुन्या स्कूटरचा नंबर हाय."

मी चष्मा पुसायला घेतला.

"मले तं सांगतलं होतं, आपल्या लग्नाची तारीख टाकली म्हनून."

इंदूताईंचं हसू थांबलं. त्यांनी प्रेमानं माझ्याकडे पाहिलं, ज्याच्यावर आता इलाज नाही अशा पेशंटकडे पाहावं तसं. मग मी सारं दुकान ज्याला ओळखत होतं तो पिन बोटानं, बटणं दाबून, एक नंबरवर टाकला. आणि मग दोन नंबरवरही माझंच कार्ड चालवलं. इंदूताई 'नाही नाही' म्हणत होत्या, पण गाडीला जेमतेम तास राहिला होता.

स्टँडवर एसटीत बसल्यावर त्यांनी खिडकीतून मला जवळ बोलावलं. "भाऊ, एक विचारू का? राग नका मानू."

"विचारा ना."

"पोरगी तुमच्यावर नाही ना गेली?"

"नाही," मी म्हणालो. "आईवर गेली."

"मंग बरं हाय," त्या म्हणाल्या आणि गाडी सुटली.

अमरावतीला येईपर्यंत सुनंदा मूर्तिजापूर, बडनेरा अशी स्टेशनं पाहत राहिली. घरी आल्यावर तिनं माझा मोबाईल मागितला आणि तिथल्या तिथे बँकेच्या ॲपवर माझ्या कार्डचा पिन स्वतः बदलला. "आपल्या लग्नाची तारीख टाकली. आधी दिवस, मंग महिना," म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. ठीक आहे म्हणण्याखेरीज मला काही करण्यासारखं नव्हतं.

पल्लवीचं लग्न झालं, छान झालं. त्यानंतर आठवड्याभरानं मी पेट्रोल पंपावर गाडीत पेट्रोल भरलं आणि कार्ड दिलं. महिना मला पक्का ठाऊक होता, मे. दिवस सतरा असावा असं वाटलं. चुकीचा निघाला. मग अठरा टाकला. तोही चुकीचा.

"सर, एकच चान्स राहिला," पंपावरची मुलगी म्हणाली. "घरी फोन लावून विचारून घ्या ना."

मी दोन्ही बाजूंचा नीट विचार केला. कार्ड बंद पडलं तर बँक दोन दिवसांत सुरू करून देते. घरी तशी सोय नाही. खिशात रोख होती, ती मी बाहेर काढून ठेवली आणि सत्तावीस टाकून पाहिला. बरोबर निघाला असता, तर निदान तारीख तरी कळली असती.