हनुवटीवरचे तीन ठिपके

आज फोटोचं दुकान लवकर बंद केलं. आपल्या कम्युनिटीत सगळेच फोटोवर हौसेनं फिल्टर मारत बसतात, म्हणून सांगतोय.

गेल्या आठवड्यात पेठ वडगावचे एक आजोबा वारलेल्या बायकोचा फोटो मोठा करायला देऊन गेलते. लेकीच्या मोबाइलमधला, एकुलता एक. मी चेहरा उजळवला, सुरकुत्या गुळगुळीत केल्या, हनुवटीवरचे तीन डाग पुसले आणि त्याच फाइलवर सेव्ह केलं. जागा उरली नाही असं सोबत आलेल्या लेकीनं सांगितलं म्हणून मोबाइलचं कार्डही रिकामं करून दिलं.

आज आजोबांनी फ्रेम हातात घेतली आणि काचेवर हनुवटीपाशी बोट ठेवलं. "पावणं, हिचं गोंदण कुठं हाय?"

मी ज्याला डाग समजलो ते गोंदण होतं.

त्यांना शेजारी बसवून कॉम्प्युटरवर ब्रशनं ठिपके परत काढायला लागलो. "जरा खाली. न्हाय, डावीकडं. एवढं ठळक नव्हतं की." अर्धा तास असंच चाललं.

"ऱ्हाऊ दे," म्हणाले. "आता मलाबी नीट आठवंना झालंय."

तुम्ही मूळ फोटो वेगळा ठेवता ना? मीही आजपासून ठेवणार आहे. त्यांना काय उपयोग त्याचा.